शनिवारी आलेला ईस्टर

बोळिंज, विरार (प.)
१२ जुलै १९९९

ती. मीराआत्यास ज्ञानदाचा नमस्कार.

फोनवर माणसं विचार न करता बोलतात असं तुझं मत आहे, म्हणून हे पत्र. मे महिन्यात प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला जाऊन आले. तीन आठवड्यांतले अडीच आठवडे झोप काढण्यातच गेले. पण एका बाईंनी विद्यार्थिकेंद्री अध्यापनावर चार व्याख्यानं दिली आणि माझी झोप उडाली. गेली चार वर्षं मी संगणकशास्त्र शिकवते असं समजत होते. खरं म्हणजे मी तुझी पिवळी वाचून दाखवते.

तुला ठाऊक आहे का, तू १९८८ साली प्रात्यक्षिकांची जी पुस्तिका लिहिलीस, ती अजून विद्यापीठाच्या झाडून सगळ्या कॉलेजांत चालते. पिवळं कव्हर म्हणून तिला सगळे पिवळीच म्हणतात. बेसिक जाऊन पास्कल आलं, पास्कल जाऊन सी आलं, तरी आतले वीस प्रोग्राम तेच. मुलं जर्नलमध्ये निळ्या शाईने प्रोग्राम उतरवतात आणि पेन्सिलीने त्याचं उत्तर. ते उत्तर मशीनवर कधी आलेलं नसतं, तेही पिवळीतूनच येतं. आमच्या लॅबबाहेर चपला काढाव्या लागतात. आत बारा मशिनं, त्यांतली चालू सात. मुलं अनवाणी येतात आणि हात मागे बांधून उभी राहतात. कीबोर्डला बोट लावण्याआधी एकाने नमस्कार केलेला मी स्वतः पाहिला आहे.

यंदा तिसऱ्या वर्षाला बावीस मुलं आहेत. त्यांना मी सांगून टाकलं की मी काहीही लिहून देणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरातला, गावातला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर वर्षभर प्रोग्राम लिहायचा. नंदाखालचा रॉबर्ट केळीच्या बागेच्या पाण्याच्या पाळ्या लावतोय. सुरुची आमच्याच कॉम्प्लेक्समधली, तिने टँकरचा प्रश्न घेतलाय. अर्नाळ्याची मॅग्डलीन सणांचं कॅलेंडर करतेय, कोणत्या दिवशी बोटी किनाऱ्याला राहणार ते आधी कळावं म्हणून. शिवाय प्रत्येकाला चुकांची वही केलीय. तिच्यात तीनच गोष्टी लिहायच्या: काय चुकलं, कसं सापडलं, कारण काय.

प्राचार्य म्हणाले, 'मॅडम, केंद्रात कोणालाही बसवा, रिझल्ट शंभर टक्के पाहिजे.' स्टाफरूममध्ये तर मला सगळे 'केंद्रप्रमुख' म्हणायला लागलेत. त्या लोकांनी शेवटचं पुस्तक स्वतःच्या परीक्षेसाठी उघडलं असेल, त्यांच्या हसण्याचं मला काही वाटत नाही. तुझ्या शिव्यांची मात्र वाट बघते.

ज्ञानदा


सांगली
२४ जुलै १९९९

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

शिव्या मागवल्यास, त्या घे.

एकतीस वर्षं मी शिकवलं. त्यातली पंधरा गणित आणि पुढची सोळा गणितासोबत तुझा हा संगणक. इतक्या वर्षांत स्वतःचा प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी मला दोनदा भेटला. एकाला वेळापत्रक हवं होतं आणि दुसऱ्याला बाथरूम कुठे आहे ते. विद्यार्थ्याला प्रश्न निवडायला सांगणं म्हणजे आजाऱ्याला औषधांच्या दुकानात मोकळं सोडणं. तो गोड गोळ्या खाऊन घरी येईल.

केळीला पाणी कधी द्यायचं ते केळीवाल्याला मशीनशिवाय कळतं. सणांचं कॅलेंडर चर्चमध्ये भिंतीवर लटकत असतं आणि फुकट बघायला मिळतं. हे शोधायला सरकार तुला पगार देतं का? आणि चुकांची वही! आमच्या पोरांना निदान चुका लपवायची लाज होती. तू तर त्यांचं प्रदर्शन मांडलंस.

'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.' लोक अर्धीच म्हण सांगतात, तू उरलेली अर्धी पाठ कर. माझी पिवळी हा तो कालचा गोंधळ आहे. तिच्या जिवावर अकरा वर्षांत हजारो मुलं पास झाली आणि बँकांतून चिकटली. तीन आठवड्यांच्या वर्गाला जाऊन आलेल्या पोरीने तिला नावं ठेवू नयेत.

दिवाळीपर्यंत त्या वह्यांचं काय होतं ते कळव. खोटं लिहू नकोस. खोटं लिहिताना तुझं अक्षर उजवीकडे झुकतं, ते तू तिसरीत असल्यापासून मला माहीत आहे.

आत्या


बोळिंज
१४ ऑक्टोबर १९९९

ती. आत्यास नमस्कार.

अक्षर सरळ आहे, बघून घे. तू जिंकलीस.

परवा चुकांच्या वह्या तपासायला घेतल्या. बावीसपैकी सोळा वह्यांत एकच मजकूर. तेच अर्धविराम विसरले, तेच व्हेरिएबल बदलायचे राहिले, शब्दसुद्धा तेच. सुरुचीने वही सगळ्यांना उतरवायला दिली होती. मी विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, सबमिशन होतं ना, म्हणून दिली.' ९ सप्टेंबरला आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती, लॅबला कुलूप होतं. त्या दिवशी सोळा जणांनी एकच चूक केली आहे. सुरुचीच्या मूळ वहीत तारीख चुकून पडली होती, तीही सगळ्यांनी इमानेइतबारे उतरवली. ही मुलं स्वतःच्या चुकासुद्धा करायला तयार नाहीत, आत्या. मी वर्गात इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला.

एक गोष्ट मात्र सांगते. मॅग्डलीनचं कॅलेंडर जवळजवळ झालं होतं. तिने पुढच्या वर्षाचं काढलं आणि ईस्टर शनिवारी आला. ईस्टर म्हणजे रविवार, हे अर्नाळ्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तिची आजी इझाबेल दारात जाळं विणत बसली होती, ती म्हणे खो खो हसली. 'ईस्टर कदी शनवारी आयला का गो? तुजा कांपुटर पिऊन आयलाय.' मॅग्डलीन तीन दिवस कॉलेजात बसून ती चूक शोधत होती. बोटाने एकेक ओळ वाचायची, कागदावर आकडे मांडायची. चौथ्या दिवशी सापडली. धावत आली आणि चपलांसकट लॅबमध्ये शिरली.

चूक कुठे होती ते पुन्हा कधीतरी सांगेन.

ज्ञानदा


सांगली
२९ ऑक्टोबर १९९९

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

सोळा वह्यांचा मजकूर वाचून मी एकटीच हसत बसले. कामवाल्या बाईला वाटलं मला काही झालं. मी सांगितलं नव्हतं का? गाढवांना मोकळं सोडलं तरी ती रांगेतच चालतात.

आणि तुझी ती एकुलती एक हुशार. बाईसाहेबांनी ईस्टर शनिवारी आणला आणि तीन दिवस खपून स्वतःची चूक दुरुस्त केली, याचं तुला इतकं कौतुक की चपलांसकट लॅबमध्ये घेतलीस! जिला वार धड काढता येत नाही तिने पिवळीतला सातवा प्रोग्राम शंभर वेळा लिहावा. तो वर्षाचाच आहे. माझ्या हाताखाली असती तर मी तिला दारातूनच परत पाठवली असती.

एक बातमी. माझा विद्यार्थी कुलथे आता विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर आहे. त्याने माझा सत्कार ठरवलाय, रविवार २६ मार्चला, दादरला. पिवळीची नवी आवृत्ती त्याच दिवशी प्रसिद्ध व्हायची आहे. मला शालीचा कंटाळा आहे, पण पुस्तिकेला बारा वर्षं झाली आणि ती अजून बदलावी लागली नाही याचं मला समाधान वाटतं. तू पहिल्या रांगेत बस. यंदा तुमच्या भागात बाहेरचा परीक्षक म्हणूनही कुलथेच येणार आहे. त्याच्यासमोर तुझे सण काढू नकोस.

आत्या


बोळिंज
२ मार्च २०००

आत्या,

नमस्कार नंतर. आधी वाच.

परवा मंगळवारी आमची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तुला पद्धत माहीत आहे. टेबलावर घडी केलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकाने एक उचलायची, तिच्यावर पिवळीतल्या प्रोग्रामचा नंबर. सकाळी रॉबर्टला सात नंबर आला, दिलेलं वर्ष लीप आहे की नाही ते ओळखा. त्याने पिवळीतला जसाच्या तसा लिहिला. तुझे कुलथे म्हणाले, 'चालू वर्ष टाक.' त्याने दोन हजार टाकलं. पडद्यावर आलं, लीप वर्ष नाही. पन्नासपैकी पन्नास.

दुपारी मॅग्डलीनने तीच चिठ्ठी उचलली. तिच्या प्रोग्राममध्ये एक अट जास्त होती. तिनेही दोन हजार टाकलं. पडद्यावर आलं, लीप वर्ष आहे. कुलथ्यांनी पिवळी उघडून तिच्या कागदाशेजारी धरली.

'ही जादा अट कुठून आणलीस?'

'सर, ती नसली तर उत्तर चुकतं.'

'पिवळीत आहे का?'

'नाय सर. पन आज एकोनतीस तारीख हाय ना.'

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तेवढं पुरलं. कुलथे म्हणाले, परीक्षा पुस्तिकेप्रमाणे होते, कॅलेंडरप्रमाणे नाही. 'उद्धट उत्तर' असा शेरा मारला, पन्नासपैकी आठ दिले आणि खाली सही केली. सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घातली, २९-२-२०००. फेब्रुवारीला एकोणतीस तारीख नाही असा निकाल एकोणतीस फेब्रुवारीला देणारा माणूस अभ्यासमंडळावर आहे, आत्या. मी शेजारीच उभी होते. म्हटलं, सर, तारखेकडे तरी बघा. ते म्हणाले, 'मॅडम, तुमचं नोकरीचं कन्फर्मेशन जूनमध्ये आहे ना?' प्राचार्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की बाहेरच्या परीक्षकाशी भांडायचं नसतं.

आता ऑक्टोबरमध्ये लपवलेलं सांगते. ईस्टर शनिवारी आणला तो तुझ्या पिवळीने. मॅग्डलीनने वर्ष मोजायला तुझा सातवा जसाच्या तसा उचलला होता. चारने भाग जातो ते लीप, शंभराने जातो ते नाही, पण चारशेने जातो ते पुन्हा लीप. तुझ्याकडे पहिल्या दोनच अटी आहेत. तिसरी ओळ नाही. त्यामुळे फेब्रुवारीचा एक दिवस गळतो आणि पुढचा प्रत्येक वार एक दिवस मागे पडतो. तुला वाईट वाटेल म्हणून मी लिहिलं नाही. तू मात्र तिला दारातून परत पाठवायला निघालीस.

पास व्हायला वीस लागतात. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे तिचं वर्ष गेलं. अंधेरीच्या एका कंपनीने तिला निवडलंय, जूनमध्ये रुजू व्हायचंय, पण पास असेल तर. परीक्षा विभागात मी जाऊन आले. पुस्तिकाच चुकीची आहे असं लेखकाने लेखी कळवलं तर गुण पुन्हा तपासतात. २५ मार्चला गुण पक्के होतील. दुसऱ्या कोणाचंही पत्र चालत नाही, मी विचारलं.

तुला चार ओळी लिहायच्या आहेत.

ज्ञानदा


सांगली
९ मार्च २०००

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही, तरी तुझं पत्र वाचून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पिवळीही काढून बघितली. चारशेची ओळ पडली आहे खरी. तेव्हा आमच्याकडे रंभा म्हणून टायपिस्ट होती, तीच टाइप करून छपाईची स्टेन्सिल कापायची. पान संपत आलं की ती एखादी ओळ खाऊन टाकायची. ती वारून सहा वर्षं झाली, आता तिला बोल लावून उपयोग नाही. नव्या आवृत्तीत २६ तारखेनंतर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवता येईल.

बाकी माझं मत बदललेलं नाही. परीक्षकाला भर परीक्षेत तारीख दाखवणं याला हुशारी म्हणत नाहीत. कुलथे मूर्ख आहे, ते मला तो पंचविशीचा होता तेव्हापासून ठाऊक आहे. पण मूर्खापुढे मान खाली घालून पन्नास गुण घ्यायचे आणि घरी जाऊन हसायचं, हे ज्याला कळत नाही त्याला नोकरीतही कळणार नाही. तुझ्या त्या रॉबर्टला कळलं. पोरगी ऑक्टोबरला बसेल. सहा महिन्यांनी कोणी मरत नाही.

आणि सत्काराच्या पंधरवडाभर आधी लेखिकेने स्वतःच्या पुस्तिकेत चूक आहे असं लिहून द्यावं, हे तू मला सांगतेस? लोक काय म्हणतील याचा विचार कर.

आत्या


बोळिंज
१३ मार्च २०००

आत्या,

लोक काय म्हणतील ते मला माहीत नाही. मी काय म्हणते ते सांगते. तुझं पत्र वाचून मला तुझी लाज वाटली. लहानपणापासून आमच्या घरात 'मीराला विचारा' असं म्हणायचे. उत्तर चुकलं तर जेवणाच्या ताटावरून उठून पुन्हा गणित करायला लावणारी बाई तू. आणि आता मेलेल्या टायपिस्टच्या पदराआड लपतेस.

रॉबर्टला मी विचारलं, तुला खरं उत्तर माहीत नव्हतं का? मॅग्डलीनने वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. तो म्हणाला, 'मॅडम, माहीत होतं ना. पण पास व्हायचं होतं.' तू त्याचं कौतुक केलंस. हजारो मुलं पास केलीस म्हणतेस ती ही अशी. बारा वर्षं हजारो जर्नलांत हा सातवा उतरला गेला, प्राध्यापकांनी त्यावर सह्या केल्या, मीही चार वर्षं केल्या, आणि एकानेही तो दोन हजार घालून चालवला नाही. एका पोरीने चालवला, तर तिला आठ गुण.

सोबत रजिस्टर पोस्टाने तिची चुकांची वही पाठवते. मूळ वही आहे, परत पाठव. शेवटून तिसरं पान वाच.

आणि एक. तुझ्या पत्राचा पहिला परिच्छेद सरळ अक्षरात सुरू होतो. 'तेव्हा आमच्याकडे रंभा' इथून तो उजवीकडे झुकलाय. माझं अक्षर झुकतं ते मी कोणाकडून घेतलं, ते आज कळलं.

ज्ञानदा


सांगली
१८ मार्च २०००

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

परीक्षा विभागाला आज सकाळी पत्र टाकलं, रजिस्टर. त्याची प्रत सोबत आहे. शिवाय टपालावर माझा विश्वास नाही म्हणून तार केली आणि विभागप्रमुखाला फोनही केला. तो माझा आवाज ऐकून खुर्चीतून उठून उभा राहिला असावा. आठ गुण खोडले जातील आणि फेरतपासणी दुसरा परीक्षक करेल. तुझ्या कन्फर्मेशनबद्दल कुलथे जे बोलला तेही पत्रात घातलंय, त्याच्याच शब्दांत. कुलथ्याला वेगळं कळवलं की २६ तारखेची शाल त्याने स्वतःलाच घालून घ्यावी. नवी आवृत्ती छापखान्यातच थांबवली आहे.

यावरून तुझी पद्धत मला पटली असं समजू नकोस. बावीसांतल्या सोळांनी चुकासुद्धा उतरवून काढल्या, हे मी मरेपर्यंत सांगणार आहे. उजळणी वर्गाच्या त्या बाई मला भेटल्या तर त्यांनाही सांगेन. ईस्टर शोधायला मशीन लागत नाही हे माझं मतही कायम आहे.

ती वही मी तीनदा वाचली. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. तू सांगितलेल्या पानावर लिहिलंय:

'काय चुकलं: ईस्टर शनिवारी आला. कसं सापडलं: आजी हसली. कारण काय: पिवळीतला सातवा चालवून न बघता घेतला. चूक माझी.'

चूक माझी, असं तिने लिहिलंय. माझ्या पुस्तिकेतल्या चुकीखाली. ज्ञानदा, मी तिला नावं ठेवली तेव्हा ती पोरगी माझी चूक स्वतःच्या नावावर लिहून मोकळी झाली होती. ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला कोणी इतकं खाली बसवलं नव्हतं, आणि तिला तर ते माहीतही नाही.

वही परत पाठवते आहे. परवानगी न घेता तिच्या मागच्या कोऱ्या पानावर मी एक नोंद केली आहे. ती तिला दाखव. अक्षर नीट बघ, सरळ आहे.

'तारीख: जून १९८८.

काय चुकलं: सातव्या प्रोग्राममध्ये चारशेची अट नाही.

कसं सापडलं: अर्नाळ्याच्या मॅग्डलीनने चालवून बघितलं.

कारण काय: रंभाने ती ओळ टाइप केली होती. पानावर जागाही होती. स्टेन्सिल तपासताना ती मी खोडली. पोरांना दोनच अटी झेपतील, तिसरी कशाला, असं मला वाटलं. रंभाने विचारलं, बाई, दोन हजार साल आलं की चुकेल ना? मी तिला म्हटलं, तोवर कोण चालवून बघतंय.

चूक माझी.

मीरा'